कॅलिफोर्नियातले स्थलांतरित आणि सरकारी तिजोरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या जेवणात, मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीत बसून वाट बघताना, भारतातून आलेल्या सासऱ्यांबरोबर संध्याकाळी फेरी मारताना एक विषय हटकून निघतो : "हे एवढे लोक बाहेरून येतात, यांचा खर्च भागवतं कोण?" विचारणारे आणि उत्तर देणारे दोघेही बाहेरूनच आलेलो असतो, म्हणून हा प्रश्न मला मनापासून जवळचा वाटतो. मी २२ वर्षं बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहते. त्यातली ६ वर्षं मुलांच्या शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालक समितीवर होते. राज्याकडून आलेला पैसा कुठल्या वर्गावर खर्च करायचा, यावर तिथे तासन्‌तास बोलणं व्हायचं. सरकारी हिशेब वाचायची सवय मला तिथे लागली.

खालचे प्रश्न लोकांनी मला विचारलेले आहेत. उत्तरं फक्त कॅलिफोर्नियापुरती आहेत. टेक्सास किंवा न्यू जर्सीचे कायदे आणि कर वेगळे, त्यामुळे हिशेबही वेगळा.

परदेशात जन्मलेले लोक कॅलिफोर्नियात आहेत तरी किती?

राज्याची लोकसंख्या ३ कोटी ९० लाखांच्या आसपास आहे. त्यात १ कोटीहून जास्त, म्हणजे साधारण २७ टक्के लोक परदेशात जन्मलेले. एवढं प्रमाण अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाही. १९७० मध्ये हाच आकडा ९ टक्क्यांच्याही खाली होता. परदेशात जन्मलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक आज अमेरिकेचे नागरिक आहेत. राज्यातल्या जवळजवळ निम्म्या मुलांची आई किंवा वडील, निदान एक तरी, दुसऱ्या देशात जन्मलेले आहेत. सर्वांत जास्त लोक मेक्सिकोतले. त्यानंतर फिलिपिन्स, चीन, भारत आणि व्हिएतनाम.

आणि कागदपत्रांशिवाय राहणारे?

१८ ते २३ लाख. कोणाचा आणि कोणत्या वर्षीचा अंदाज धरता त्यावर आकडा मागेपुढे होतो. म्हणजे परदेशात जन्मलेल्या दर ५ माणसांत साधारण १. प्यू या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २००७ मध्ये हा आकडा सर्वांत वर, २८ लाखांच्या घरात होता. हे सगळेच सीमा ओलांडून चालत आले असं समजू नका. रीतसर व्हिसावर विमानाने आलेले आणि मुदत संपल्यावर राहून गेलेलेही त्यात भरपूर आहेत.

ओघ वाढतोय की आटतोय?

मेक्सिकोकडून येणारा ओघ १५-२० वर्षांपूर्वीच बराच आटला, आणि येणाऱ्यांची दिशाही बदलली. दुसऱ्या महायुद्धात शेतांवर माणसं कमी पडू लागली म्हणून १९४२ मध्ये मेक्सिकोशी ब्रासेरो करार झाला. मजूर हंगामाला यायचे आणि परत जायचे. १९६४ मध्ये करार संपला, खुडणी मात्र चालूच राहिली. माणसं तीच, गावं तीच, वाटाही त्याच. हातातला कागद तेवढा गेला. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेला जुना कोटा उठवला आणि आशियाला दार उघडलं. आपल्याकडचे त्या पिढीतले डॉक्टर आणि इंजिनिअर त्याच दाराने आले. पुढे १९८६ मध्ये रेगन यांच्या सहीने माफीचा कायदा झाला. देशभरात सुमारे २७ लाख लोकांना कागद मिळाले, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कॅलिफोर्नियातले होते.

२००७-०८ च्या मंदीनंतर मेक्सिकोतून येणारे कमी झाले. गेल्या दशकात नव्याने आलेल्यांत लॅटिन अमेरिकेपेक्षा आशियातले लोक जास्त आहेत, आणि त्यांच्यात पदवीधरांचं प्रमाण मोठं आहे. दुसरीकडे, घरभाडं झेपत नाही म्हणून इथली कुटुंबं टेक्सास, ॲरिझोना, नेवाडाकडे जात आहेत. जन्मदरही घसरला आहे. महामारीत परदेशातून येणारे थांबले आणि २०२० नंतर राज्याची लोकसंख्या चक्क घटली. २००४-०५ च्या सुमारास सरकारी शाळांत ६३ लाख मुलं होती, आता ५८ लाखांच्या आसपास उरली आहेत. आमच्याच भागात शाळा बंद करायच्या की दोन शाळा एकत्र करायच्या, यावर बैठकांत डोळ्यांत पाणी आणून बोलणारे पालक मी पाहिले आहेत. "शाळा बाहेरच्यांनी भरून गेल्या" असं कोणी म्हटलं की मला ते रिकामे वर्ग आठवतात.

पूर्वीचे स्थलांतरित राज्यावर भार नव्हते, हे खरं का?

पूर्वी राज्यच त्यांच्या जिवावर चालत होतं. १८४८ मध्ये सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावली. १८५० मध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया राज्य झालं त्याच वर्षी, परदेशी खाणकामगारांवर महिन्याला २० डॉलरचा कर बसला. इतका जबर कर कोणाला परवडणार? कामगार खाणी सोडून गेले. १८५२ मध्ये महिना ३ डॉलरचा नवा कर आला, तो पुढे वाढवला गेला आणि मुख्यतः चिनी मजुरांकडून वसूल झाला. १८७० पर्यंत हा राज्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार होता. ज्यांच्याकडून तो घेतला त्यांच्या मुलांना शाळेची दारं धडपणे उघडी नव्हती, आणि १८८२ मध्ये तर चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी झाली. आजच्या जमाखर्चाची चर्चा सुरू झाली की हे जुनं पानही उघडावं, असं मला वाटतं.

मग आज खर्च होतो तरी कशावर?

सर्वांत मोठा भाग शाळांवर, त्याखालोखाल आरोग्यावर. मग तुरुंग, न्यायालयं आणि इतर किरकोळ गोष्टी. रोख मदतीचं नाव लोक पहिल्यांदा घेतात, पण कागद नसलेल्या माणसाला केंद्राची रोख मदत, फूड स्टॅम्प, पेन्शन यातलं काहीच मिळत नाही. १९९६ च्या कल्याण-सुधारणा कायद्याने तर ग्रीन कार्ड असलेल्यांनाही बहुतेक केंद्रीय योजनांसाठी पहिली ५ वर्षं थांबायला लावलं. ती पोकळी कॅलिफोर्नियाने काही ठिकाणी स्वतःच्या पैशाने भरली. अन्नमदतीची आणि वृद्धांच्या मदतीची राज्याची वेगळी योजना त्यातूनच आली.

शाळेत मुलाचे कागद का तपासत नाहीत?

कारण सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली आहे. टेक्सासने १९७५ मध्ये कायदा करून कागद नसलेल्या मुलांसाठीचं अनुदान थांबवलं. टायलर गावच्या शाळांनी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. प्रकरण वर गेलं, आणि १९८२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला. राहण्याचा निर्णय मुलांनी घेतलेला नाही, तेव्हा त्यांना शिक्षणापासून तोडता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. प्लायलर विरुद्ध डो हे या खटल्याचं नाव. एका मताच्या फरकाने लागलेला हा निकाल, आणि त्यावर किती मुलांची आयुष्यं उभी राहिली!

खर्चाचं बोलायचं तर प्रॉपोझिशन ९८ या, लोकांनी मतदानाने मंजूर केलेल्या शाळानिधीच्या तरतुदीखाली एका विद्यार्थ्यामागे वर्षाला १८ हजार डॉलरच्या आसपास जातात. दोन मुलं असली तर ३६ हजार. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. कागद नसलेल्या पालकांची बहुसंख्य मुलं याच मातीत जन्मलेली आहेत, म्हणजे कायद्याने पूर्ण अमेरिकन नागरिक आहेत, हेही ध्यानात असू द्या.

प्रॉपोझिशन १८७ काय होतं?

१९९० च्या सुमारास शीतयुद्ध संपलं. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या विमान आणि संरक्षण कारखान्यांनी माणसं कमी केली, राज्यात मोठी मंदी आली. गव्हर्नर पीट विल्सन पुन्हा निवडणुकीला उभे होते. नोव्हेंबर १९९४ मध्ये लोकांपुढे १८७ क्रमांकाचा प्रस्ताव आला : कागद नसलेल्यांना सरकारी शाळा बंद, तातडीचे सोडून बाकी उपचार बंद, आणि संशय आला तर शिक्षकांनी व दवाखान्यांनी कळवायचं. जवळजवळ ५९ टक्के लोकांनी होकार दिला.

तो कधीच धडपणे अमलात आला नाही. न्यायाधीश मारियाना फेल्झर यांनी लगेच स्थगिती दिली आणि पुढे बहुतेक कलमं घटनाबाह्य ठरवली. १९९९ मध्ये नवे गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी अपिलाचा नाद सोडला. पण परिणाम उलटा झाला. ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं त्यांनी घाईने नागरिकत्व घेतलं, मतदार म्हणून नाव नोंदवलं, आणि पुढच्या २० वर्षांत राज्याचं राजकारणच पालटलं. आज सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात बसलेले काही जण त्या वेळी शाळकरी वयात मोर्चात चालले होते.

माझं मत सांगते : १८७ ला मत देणारे सगळे दुष्ट नव्हते. त्यांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, शाळेत एका वर्गात ३० च्या वर मुलं कोंबलेली ते बघत होते. खर्च खरा होता. त्यांनी मागितलेला उपाय मात्र मुलांच्या अंगावर येणारा होता.

मेडि-कॅलचं नेमकं काय झालं? पैसे संपले म्हणतात.

हे जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण दोन्ही बाजू अर्धंच सांगतात.

मेडि-कॅल म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी आरोग्यविमा. देशभर त्याला मेडिकेड म्हणतात. राज्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांचं नाव त्यात आहे. कागद नसलेल्यांसाठी पूर्वी फक्त तातडीचे उपचार आणि बाळंतपण होतं, आणि त्यात केंद्राचाही वाटा असायचा. कॅलिफोर्नियाने पूर्ण विमा टप्प्याटप्प्याने खुला केला : मे २०१६ पासून १९ वर्षांखालची मुलं, जानेवारी २०२० पासून २५ वर्षांपर्यंतचे तरुण, मे २०२२ पासून पन्नाशीच्या पुढचे, आणि जानेवारी २०२४ पासून उरलेले सगळे. या वाढीव भागाचा जवळजवळ सगळा पैसा राज्याचा.

मुद्दा साधा होता. मधुमेहाची गोळी वेळेवर मिळाली नाही तर तोच माणूस पुढे मूत्रपिंड निकामी होऊन इमर्जन्सीत येतो. १९८६ च्या कायद्याप्रमाणे हॉस्पिटलला त्याला परत पाठवता येत नाही, आणि ते बिल शेवटी कोणाच्या तरी खिशातून जातंच.

पण अंदाज चुकला. २०२४-२५ मध्ये या गटावर राज्याचा खर्च ८ अब्ज डॉलरच्या वर गेला, ठरवल्यापेक्षा २ अब्जांहून जास्त. मार्च २०२५ मध्ये मेडि-कॅल चालू ठेवायला राज्याने ३ अब्ज ४४ कोटी डॉलर स्वतःच्याच सर्वसाधारण निधीतून उसने घेतले. औषधं महागली होती. शिवाय त्याच सुमारास वृद्धांसाठीची मालमत्तेची अट काढून टाकली होती, त्यामुळे तिकडचेही लाभार्थी वाढले. तरीही स्थलांतरितांचा भाग मोठा होता, हे मान्य केलंच पाहिजे. ज्यांना हा विमा हवासा वाटतो त्यांनी हा आकडा लपवू नये. मी त्यांच्यातलीच आहे, म्हणून हे आवर्जून लिहिते.

जून २०२५ च्या अंदाजपत्रकात माघार घेतली गेली. जानेवारी २०२६ पासून १९ वर्षांवरच्या, कागद नसलेल्या माणसांची नवी नोंदणी बंद. आधी नोंदलेले राहतील. जुलै २०२६ पासून दातांचे उपचार वगळायचं ठरलं. जुलै २०२७ पासून ५९ वर्षांपर्यंतच्या प्रौढांकडून महिना ३० डॉलर घ्यायचं ठरलं. गव्हर्नर न्यूसम यांनी १०० डॉलर सुचवले होते, विधिमंडळाने ते ३० वर आणले. मुलांचा विमा, बाळंतपण आणि तातडीचे उपचार तसेच आहेत.

एवढ्याने घोळ थांबला नाही. जून २०२५ मध्ये मेडिकेडमध्ये नोंदलेल्यांची माहिती केंद्राच्या अंतर्गत सुरक्षा खात्याकडे गेल्याचं उघड झालं, आणि कॅलिफोर्नियासह २० राज्यं कोर्टात गेली. विश्वास ठेवून नाव नोंदवलेल्या माणसांचं काय झालं असेल, कल्पना करा. लसीसाठी मूल घेऊन जायलाही आया घाबरतात. त्याची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

हे लोक कर भरतात का?

भरतात. दुकानात ७.२५ टक्के तरी विक्रीकर लागतोच, पावती फाडणारा कागद विचारत नाही. भाड्याच्या घरातला माणूस भाड्यातून मालकाचा मालमत्ता कर भरतो. लाखो लोक सोशल सिक्युरिटी क्रमांकाऐवजी केंद्राकडून मिळालेला वेगळा करदाता क्रमांक घेऊन रीतसर विवरणपत्र भरतात. आयटेप या करधोरण संस्थेने काढलेल्या हिशेबानुसार २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कागद नसलेल्यांनी राज्याला आणि स्थानिक संस्थांना मिळून सुमारे ८ अब्ज ५० कोटी डॉलर कर दिला. त्याच वर्षी देशभरातल्या अशा लोकांनी सोशल सिक्युरिटी या केंद्राच्या पेन्शन योजनेत सुमारे २५ अब्ज ७० कोटी डॉलर भरले. ती पेन्शन त्यांना मिळणार नाही.

सगळी वजाबाकी करून शेवटी नफा की तोटा?

कोणाच्या वहीत आणि किती वर्षांचा, हे ठरवल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने मोठा अभ्यास छापला. त्यात कॅलिफोर्नियाचा वेगळा हिशेब होता. स्थलांतरित कुटुंबांमुळे इथल्या प्रत्येक मूळ कुटुंबावर राज्य आणि स्थानिक करांचा वर्षाला सुमारे १,१७८ डॉलर जादा बोजा पडतो, असा निष्कर्ष निघाला. विरोधक आजही हा आकडा सांगतात, आणि तो खरा आहे. पण त्याच अहवालात पुढे दुसरा हिशेब आहे. एक सरासरी स्थलांतरित आणि त्याची पुढची वंशावळ धरली तर दीर्घकाळात तिजोरीला ८० हजार डॉलरचा फायदा होतो. त्यातही फोड केली आहे : केंद्राला १ लाख ५ हजारांचा फायदा, राज्य आणि स्थानिक संस्थांना २५ हजारांचा तोटा. शिक्षणानेही फरक पडतो. हायस्कूल पुरं न केलेल्या माणसाबाबत एकूण हिशेब १३ हजारांनी तोट्यात जातो, आणि कॉलेजला गेलेल्याबाबत १ लाख ९८ हजारांनी फायद्यात.

२०१६ च्या नव्या अहवालात देशभराचं चित्र तसंच दिसलं. पहिल्या पिढीचा एक प्रौढ राज्य आणि स्थानिक तिजोरीला वर्षाला सरासरी १,६०० डॉलरने महाग पडतो. त्याची इथे वाढलेली मुलं मोठी झाली की प्रत्येकी १,७०० डॉलर जादा देतात, आणि तिसऱ्या व पुढच्या पिढ्यांतले लोक १,३०० डॉलर. म्हणजे स्थलांतरितांची मुलं सगळ्यांत जास्त भर घालणारी निघतात. पहिल्या पिढीचा तोटा मुख्यतः त्यांच्या मुलांच्या शाळेचा खर्च त्यांच्या नावावर मांडल्याने दिसतो.

पालक समितीत बसून मला जे उमगलं ते हेच. फ्रेस्नोतल्या शाळेने एका मुलीवर १३ वर्षं खर्च करायचा. ती नर्स होऊन कमवायला लागली की तिच्या पगारातला मोठा कर वॉशिंग्टनला जायचा. कदाचित ती तोवर नेवाडात राहायला गेलेली असेल. बी एकाच्या शेतात, रास दुसऱ्याच्या खळ्यात. फ्रेस्नोच्या माणसाची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही. ती चुकीच्या माणसाकडे बोट दाखवते, एवढंच.

मग केंद्र सरकार राज्याला भरपाई का देत नाही?

विल्सन यांनी हीच मागणी घेऊन १९९४ मध्ये केंद्रावर दावा लावला. सीमा सांभाळणं तुमचं काम, मग खर्चही तुम्ही द्या. १९९७ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला : हा राजकीय प्रश्न आहे, संसदेकडे जा. तुरुंगाच्या खर्चासाठी केंद्राची एक योजना आहे, पण ती खऱ्या खर्चाचा थोडाच भाग देते. १९८६ च्या माफीच्या वेळी राज्यांना ४ अब्ज डॉलर द्यायचं ठरलं होतं, तेही पुढे ढकलत ढकलत दिलं. या एका मागणीवर विल्सन बरोबर होते असं मला वाटतं. शाळांना केंद्राकडून स्थलांतरित मुलांमागे थेट पैसा मिळाला असता तर १८७ सारखी वेळ आली नसती.

आपण एच-वन-बी वाले तर नक्कीच फायद्यात टाकतो ना राज्याला?

बहुतेक वेळा हो, पण छाती फुगवण्याआधी गणित करून बघा. मघाचा आकडा आठवा : दोन मुलं, वर्षाला ३६ हजार डॉलर. फ्रीमॉन्टमध्ये १५ लाख डॉलरचं घर घेतलंत तर मालमत्ता कर साधारण १८ हजार, आणि तोही सगळा शाळेला जात नाही. राज्याचा आयकर जोरदार आहे, त्यातून उरलेलं भरून निघतं. मुलं लहान असताना आणि पगार बेताचा असताना आपल्यापैकी अनेक घरं काही वर्षं तरी तोट्याच्या रकान्यात असतात. ज्यांना आपण नावं ठेवतो त्यांच्यात आणि आपल्यात तेवढ्यापुरता फरक पगाराचा आहे.

१९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे घराचं करमूल्य खरेदीच्या किमतीवर ठरतं आणि वर्षाला फार तर २ टक्के वाढतं. शेजारच्या आजोबांनी १९८० मध्ये घेतलेल्या तशाच घरावर ते तुमच्या करातला छोटासा भाग भरतात. म्हणजे नव्याने आलेला माणूस जुन्यापेक्षा जास्त मालमत्ता कर देतो, मग तो कुठल्याही देशातला असो.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. भारत आणि अमेरिका यांच्यात सोशल सिक्युरिटीचा परस्पर करार झालेला नाही. ४० क्रेडिट, म्हणजे साधारण १० वर्षांचं काम पुरं होण्याआधी जो पुण्या-नाशिकला परत जातो, त्याच्या पगारातून दरमहा कापलेले ६.२ टक्के इथेच राहतात. कंपनीने भरलेले तेवढेच टक्केही. असे किती मित्र आम्ही विमानतळावर सोडून आलो!

आई-वडील ग्रीन कार्डवर आले तर मेडि-कॅल मिळतं का?

उत्पन्न कमी असेल तर मिळू शकतं. केंद्राची ५ वर्षांची अट आहे, पण कॅलिफोर्निया त्या काळात स्वतःचा पैसा घालतं. म्हणजे सोसायटीतल्या बाकावर बसून "हे लोक फुकट औषध घेतात" म्हणणारे आजोबा कधी कधी त्याच राज्य निधीवर असतात. मी हे दुखवायला लिहीत नाही. त्यांना औषध मिळालं याचा मला आनंदच आहे, तसाच तो शेतमजुरालाही मिळावा.

पासष्टीनंतर आणि सलग ५ वर्षं राहिल्यावर मेडिकेअर, म्हणजे केंद्राचा वृद्धांसाठीचा आरोग्यविमा, विकत घेता येतो. इथे काम केलेलं नसेल तर पार्ट ए चा, म्हणजे हॉस्पिटलच्या खर्चाच्या भागाचा, हप्ता महिना ५०० डॉलरहून जास्त पडतो. आणि आई-वडिलांना बोलावताना तुम्ही आय-८६४ या आर्थिक हमीपत्रावर सही केली आहे, हे विसरू नका. ती जबाबदारी ते नागरिक होईपर्यंत किंवा त्यांची ४० क्रेडिट भरेपर्यंत तुमच्या अंगावर राहते. "पब्लिक चार्ज"चे, म्हणजे सरकारवर भार ठरेल अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारायचे, नियम २०१९ मध्ये कडक झाले आणि २०२१ मध्ये मागे घेतले गेले, आता पुन्हा हालचाल आहे. अर्ज करण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यावर जाऊ नका.

टुरिस्ट व्हिसावर आलेल्या सासूबाईंचं काय?

पूर्ण मेडि-कॅल नाही. निघण्याआधी प्रवासी विमा घ्या, जुने आजार त्यात धरले आहेत का ते नीट वाचून.

कागद नसलेल्यांना लायसन्स का देतात?

जानेवारी २०१५ पासून देतात. गाडी ते चालवतच होते. परीक्षा आणि विमा आला तर रस्त्यावरच्या सगळ्यांचं भलं. ठोकर मारून पळून जाण्याचे प्रकार त्यानंतर कमी झाले, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांना आढळलं.

सगळ्यांना परत पाठवलं तर पैसे वाचतील का?

मेडि-कॅलचे काही अब्ज वाचतील. शाळेचे फारसे नाही, कारण मुलं नागरिक आहेत. त्यातली जी आई-बापाविना इथे राहतील त्यांना सांभाळायचा खर्च काऊंटीवर येईल. ८ अब्ज ५० कोटींचा कर जाईल. राज्यातल्या शेतमजुरांत निम्म्याच्या आसपास लोकांकडे कागद नाहीत. सॅलिनासची स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस, फ्रेस्नोची द्राक्षं कोण खुडणार याचं उत्तर मागणी करणारेही देत नाहीत.

हे चित्र मराठी माणसाला परकं वाटू नये. बीडचा ऊसतोड मजूर कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीकडे, पार कर्नाटकात जातो, तेव्हा त्याच्या मुलांच्या साखरशाळेचा खर्च कोणी करायचा हा वाद आपल्याकडेही आहे. तो देशाचा नागरिक, त्याला राज्यघटनेने कुठेही जायचा हक्क दिला आहे, हा मोठा फरक. पण पाचटाच्या खोपीतलं मूल आणि सॅलिनासच्या मजूर वसाहतीतलं मूल, दोघांचीही शाळा हंगामाने तोडलेली असते. इथल्या सरकारी मजूर वसाहती वर्षातून सहाएक महिनेच उघड्या असतात. हंगाम संपला की कुटुंबाने ५० मैल दूर जायचं, असा नियम वर्षानुवर्षं होता. शाळेच्या मधोमध मुलं उचलून न्यावी लागत. २०१८ मध्ये शाळकरी मुलं असलेल्या कुटुंबांसाठी तो काही प्रमाणात सैल झाला.

शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा "मराठी" लिहू की "इंग्रजी"? मुलाला इंग्लिश लर्नर ठरवतील अशी भीती वाटते.

मराठी लिहा. जे खरं आहे ते लिहा. मराठी लिहिलं तर मुलाची एल्पॅक नावाची इंग्रजीची चाचणी होईल. चांगलं येत असेल तर तिथेच सुटका. नसेल तर त्याला इंग्रजीची जादा शिकवणी मिळेल, आणि पुढे तयारी झाली की तो शिक्का निघतो. २०१३ च्या निधीवाटपाच्या पद्धतीत अशा प्रत्येक मुलामागे आणि गरीब घरच्या प्रत्येक मुलामागे शाळा जिल्ह्याला मूळ रकमेच्या २० टक्के जादा मिळतात. हाच तो "स्थलांतरितांवरचा खर्च", ज्याचा आकडा वर्तमानपत्रात येतो.

आमच्या शाळेत त्या पैशातून एक मदतनीस बाई नेमल्या होत्या. आठवड्यातून चार दिवस, सकाळी दोन तास. त्यांच्या टेबलाभोवती पाच मुलं बसायची : तीन स्पॅनिश बोलणारी, एक पंजाबी, आणि नुकताच सोलापूरहून आलेला, "मे आय गो टू द टॉयलेट" एवढंच पाठ असलेला माझा भाचा.